फरवानियातला आयर्लंडचा नकाशा

तुमच्या घराचा पत्ता आजवर तुम्ही किती जणांना दिलात, आणि त्यातला एखादा बंदूक घेऊन दारात येईल असा विचार कधी केलात का?

मी केला नव्हता. इचलकरंजीत आमच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत वडिलांचं पायानं चालवायचं छपाईचं मशीन होतं आणि यंत्रमाग कामगारांची पत्रकं तिथं छापली जायची. मी अक्षरं शिकले ती शिशाच्या खिळ्यांवरून, उलटी. पत्रकाचा मजकूर कुणाचाही असो, तळाशी वडील एक बारीक रेघ ओढत आणि रेघेखाली छापखान्याचं नाव, गल्ली, गाव टाकत. कायद्यानं ते टाकावंच लागतं. पण वडिलांच्या लेखी तो इभ्रतीचा भाग होता. “खाली पत्ता नाही तो कागद मालकाच्या माणसानं काढलेला समजायचा,” ते म्हणायचे. “ज्याला मारायचंय त्यानं घरी यावं. आपण घरीच आहोत.”

आणि लोक आले. मी सहावीत असताना चौघांनी खिळ्यांचे खण रस्त्यावर उलटे केले आणि सायकलच्या चेननं वडिलांचा खांदा फोडला. बरे झाल्यावर त्यांनी पहिलं पत्रक काढलं, त्याखालचा पत्ता नेहमीपेक्षा मोठ्या टाइपात होता. आईनं महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं. मला मात्र तो पत्ता जगातली सगळ्यात शूर ओळ वाटला.

चोविसाव्या वर्षी मी कुवेतला गेले, तिथल्या एका सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन म्हणून. राहायला फरवानिया नावाच्या वस्तीत जागा मिळाली. खाली किराण्याचं दुकान, म्हणजे तिथल्या भाषेत बकाला, आणि वर दुकानदाराचं घर. नवराबायको रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे मुसलमान. त्यांना मी चाचा-चाची म्हणायची. चाचा मला ‘बाय’ म्हणायचा आणि माझ्या हातात सतत काहीतरी छापील दिसतं म्हणून चिडवायचा, “हिला भाकरीवर पण बातमी वाढा.”

त्याच वर्षी, नव्वदच्या ऑगस्टमध्ये, इराकी फौजा आल्या. मी रणगाडे फारसे पाहिले नाहीत. मी पाहिलं ते नळ्यांमधलं रक्त. पहिल्या आठवड्यात आमच्या लॅबचा फ्रीज सैनिकांनी पिशव्यांसकट नेला. सूक्ष्मदर्शकं गोणीत बटाट्यासारखी भरली. एका भिंगाची काच फुटली तेव्हा मी ओरडले, तर एकानं माझं डोकं टेबलावर आपटलं. सहज, जाता जाता.

त्याच आठवड्यात सर्जिकल वॉर्डच्या मुख्य सिस्टरला मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ती आयरिश होती, साठीच्या जवळची, दारातून वाकून यावं लागेल इतकी उंच. टेबलावर पोट उघडलेला एक कुवेती पेशंट होता आणि एका इराकी अधिकाऱ्यानं आपल्या जखमी भावाला आधी घ्या म्हणून डॉक्टरच्या कानाला पिस्तूल लावलं होतं. सिस्टर मध्ये जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “बूट बाहेर काढा. इथं निर्जंतुक आहे.” अधिकाऱ्यानं तिच्या तोंडावर पिस्तुलाचा दस्ता मारला. तिचे दोन दात पडले. ती वाकली, दात उचलून ट्रेमध्ये ठेवले आणि पुन्हा म्हणाली, “बूट.” तो भावाला घेऊन बाहेर गेला. पेशंट तरीही वाचला नाही.

मग फर्मान आलं: पाश्चात्त्य लोकांनी अमुक अमुक हॉटेलांत हजर व्हावं. त्यांना कारखान्यांत, धरणांपाशी ढालीसारखं बांधून ठेवणार हे सगळ्यांना कळलं होतं. पाश्चात्त्य माणसाला घरात लपवणाऱ्याला फाशी, हेही जाहीर झालं. सिस्टरच्या सलवा वस्तीतल्या फ्लॅटचं दार फोडलं गेलं त्या दिवशी ती ड्यूटीवर होती. त्या संध्याकाळी तिला परतायला घर नव्हतं.

“चाचा, एक बाई ठेवायचीय,” मी म्हटलं.

“किती दिवस?”

“माहीत नाही.”

“खंयची?”

“आयर्लंडची.”

“म्हणजे इंग्रज?”

“नाही. इंग्रजांच्या विरुद्धवाले.”

चाचानं चाचीकडं पाहिलं. चाची मसूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “आण तिला,” ती म्हणाली. “पण सांग, मच्छी बंद झालीय. मसूर खावा लागंल.”

चाचानं तिला पिकअपमध्ये कांद्याच्या गोणींमागं झोपवून आणलं. चाचीनं आपला अबाया, अंगभर काळा झगा, दिला, तो तिच्या पोटऱ्यांपर्यंतच आला, म्हणून खाली काळं कापड जोडलं. मग चाचीच्या लक्षात आलं की हातांवरच्या तपकिरी ठिपक्यांवरून ही लांबूनही गोरी कळते. तिनं मेंदी भिजवली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवले. सिस्टर तासभर हात समोर धरून बसली. “माझ्या लग्नाचं बोलणं कुणाशी चाललंय?” तिनं मला विचारलं. मी भाषांतर केलं तसं चाची म्हणाली, “सांग तिला, फरवानियातला एक न्हावी हाय, पण त्येचे पण दात नायत.”

अशी ती आमच्याकडं सहा आठवडे राहिली. खिडकीपाशी जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, पाय आपटायचा नाही. मी ड्यूटीवरून आले की आम्ही दोघी आतल्या खोलीत बसायचो आणि मी तिला आयर्लंड विचारायची. वडिलांच्या छापखान्यात मी आयरिश बंडावर एक पुस्तिका वाचली होती. मला वाटायचं, त्या देशात प्रत्येक घरात एक क्रांतिकारक पलंगाखाली बंदूक घेऊन झोपतो.

तिनं दुकानातला खाकी कागद मागितला आणि वॉर्डमधली लाल-निळी पेन्सिल. पेन्सिल न उचलता तिनं सगळा किनारा काढला. पूर्वेची बाजू बरीचशी सरळ, पश्चिमेची उंदरांनी कुरतडल्यासारखी. मग आत रेघा. बत्तीस जिल्हे, त्यातले सहा उत्तरेचे अजून दुसऱ्या राज्यात.

“हे जिल्हे पाडले कुणी?”

“ज्यांना आम्हाला मोजायचं होतं त्यांनी.” तिनं डब्लिनच्या खाली बोट ठेवलं. “हा विकलो. सगळ्यात शेवटी आखलेला. इथं डोंगर आहेत. डोंगरातले लोक खाली उतरायचे, मारायचे, परत वर जायचे. आवरेनात, तेव्हा डोंगरांभोवती रेघ ओढली आणि म्हणाले, हा जिल्हा. आता इथं कोर्ट बसणार, फाशी आमच्या नावानं होणार.”

देशाच्या मधोमध दोन जिल्हे तिनं लाल केले. इंग्लंडच्या राणीनं तिथल्या कुळांना हुसकून आपली माणसं बसवली. एका जिल्ह्याला नाव दिलं राजाचा परगणा, दुसऱ्याला राणीचा. मुख्य गावांनाही त्या दोघांची नावं. जे उठले नाहीत त्यांची डोकी कापली. “साडेतीनशे वर्षं सरकारी कागदावर तीच नावं होती,” ती म्हणाली. “राज्य गेलं तशी नावंही गेली. ऑफली आणि लीश.” त्याच सुमारास रेडिओवर सांगत होते की कुवेत नावाचा देश आता नाही, तो इराकचा एकोणिसावा प्रांत आहे. मी उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले. मला वाटलं, इतिहास माझ्याच खोलीत येऊन बसलाय.

रोज एखादा जिल्हा. कॉर्क शहराचा मधला भाग राजाच्या शिपायांनी पेटवला आणि विझवायला आलेल्या बंबांचे पाइप संगिनींनी कापले. त्याच कॉर्क जिल्ह्यात स्किबरीन नावाचं गाव. दुष्काळात तिथं इतकी माणसं मेली की तळ उघडणारी एकच पेटी वापरायचे. प्रेत खड्ड्यात सोडायचं, पेटी पुढच्यासाठी परत. आणि बंदरावर त्याच वर्षी धान्य जहाजात चढत होतं, पहाऱ्यात. मेयो जिल्ह्यात रस्त्याकडेला पडलेल्या लोकांच्या तोंडात गवत सापडलं. मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते आणि पुन्हा पुन्हा विचारत होते, मग लोकांनी काय केलं? उठाव कुठं झाला? पहिलं पोलीस ठाणं कुणी जाळलं?

“तू सारखी जाळणाऱ्यांचंच विचारतेस,” ती एकदा म्हणाली.

“मग कुणाचं विचारू?”

ती मोजणीदारांबद्दल बोलायला लागली. फौजेचे मोजणीदार साखळ्या घेऊन आले आणि त्यांनी एकूण एक वाडी, एकूण एक बांध कागदावर घेतला. इतका बारीक नकाशा तेव्हा जगात कुठल्याच देशाचा नव्हता. “सुंदर आहे. मी पाहिलाय. आमची विहीरसुद्धा आहे त्यात. पण नकाशा चांगला असला की पोलिसाला घर चुकत नाही.” मग तिनं सांगितलं की त्यांच्या गावाबाहेर आपल्याच बंडवाल्यांनी एका सुताराला गोळ्या घातल्या होत्या, तिच्या जन्माआधी. गळ्यात ‘फितूर’ लिहिलेला पुठ्ठा अडकवून प्रेत फाटकापाशी टाकलं. त्यानं पोलिसांना एका घराची वाट दाखवली होती. “आई म्हणायची, त्याला वाट विचारली आणि त्यानं सांगितली. विचारलं की सांगायचं, एवढंच त्या माणसाला ठाऊक होतं.”

“फितूर तो फितूर,” मी म्हटलं.

“तू चोवीस वर्षांची आहेस,” ती म्हणाली. “म्हणून तुझ्यावर रागावत नाही.”

पण एक गोष्ट तिनं सांगितली आणि ती मला वेगळ्याच दिशेनं लागली. दुसऱ्या महायुद्धात जर्मन उतरतील या भीतीनं आयर्लंडभर रस्त्यावरच्या गावांच्या पाट्या उपटल्या होत्या. तिचे वडील त्या कामावर होते. “जर्मन आले नाहीत. आमचा पाद्री मात्र दोनदा चुकीच्या गावाच्या मयताला जाऊन पोचला.” ती तोंडावर हात ठेवून हसली, दात नव्हते म्हणून. मी हसले नाही. कारण कुवेतचे लोक त्या दिवसांत हेच करत होते. सलवात, शहरात, सगळीकडं रस्त्यांच्या पाट्या नाहीशा झाल्या होत्या. घरांवरचे नंबर स्क्रू काढून उतरवले होते. सैनिक याद्या घेऊन फिरायचे आणि घर सापडायचं नाही. सापडायचं नाही म्हणून ते रस्त्यात दिसेल त्याला मारायचे.

आमच्या इस्पितळात केस-पेपर काढणारा एक कुवेती कारकून होता. त्याच्या गाडीत स्क्रू-ड्रायव्हर आणि घरांचे सात-आठ नंबर सापडले. त्याला त्याच्याच फाटकापाशी आणलं, घरच्यांना बाहेर बोलावलं आणि त्यांच्यादेखत गुडघ्यांत, मग पोटात, मग कानामागं गोळी घातली. शेजाऱ्यांनी त्याला चादरीत घालून आणलं तेव्हा तो श्वास घेत होता. मी त्याचा रक्तगट काढला. क्रॉस-मॅच, म्हणजे द्यायचं रक्त त्याच्या रक्ताशी जुळवून बघणं, अर्ध्यावर असताना वॉर्डमधून फोन आला, राहू दे.

ती नळी धुऊन मी घरी आले आणि दुपारच्या उन्हात, सिस्टर झोपली असताना, पत्रक लिहिलं. वर इंग्रजीत, खाली हिंदीत, फरवानियातल्या आपल्या लोकांसाठी. लिहिलं की एका छोट्या देशात परक्यांनी जिल्ह्यांची नावं बदलली आणि लोकांनी शेकडो वर्षं जुनी नावं जिभेवर ठेवली. लिहिलं की या गावाच्या पाट्या उतरवणाऱ्यांना मारून टाकतायत, तर उरलेल्या पाट्या आपण उतरवू. आपल्याला कुणी कुवेती माणसाचं घर विचारलं तर आपण आंधळे, आपण बहिरे. इस्पितळातले कार्बन घालून, बॉलपेन दाबून, एका दमात पाच प्रती.

पहाटे पावाच्या रांगेत मी एक भिंतीला चिकटवली, एक बसस्टॉपच्या खांबाला. मैद्याची खळ पावडरच्या डब्यात भरून नेली होती. घरी आले तेव्हा माझे कान गरम झाले होते. मी उरलेल्यांतली एक प्रत सिस्टरपुढं ठेवली, मुलगी प्रगतिपुस्तक ठेवते तशी.

तिनं सावकाश वाचलं. “आंधळे, बहिरे. हे चांगलं आहे,” ती म्हणाली. मग तिचं मेंदीचं बोट खाली सरकलं आणि थांबलं.

“हे काय आहे?”

मजकुराखाली मी एक बारीक रेघ ओढली होती. आणि रेघेखाली, स्वच्छ इंग्रजी मोठ्या अक्षरांत, आमच्या बिल्डिंगचा ब्लॉक, रस्ता, आणि ‘बकाल्याच्या वर’.

नाव मी टाकलं नव्हतं. मला आठवतं, नाव टाकायचं नाही एवढा विचार मी केला होता. पत्त्याचा विचार केला नव्हता, कारण तो मला मजकूर वाटतच नव्हता. पत्रक संपलं की हात रेघ ओढतो आणि पुढं लिहितो, आणि छापखान्यातलं कुणीही ती ओळ पुन्हा वाचत नाही. अख्खं गाव आपल्या दारावरचे नंबर काढत होतं आणि मी आमचा भिंतीवर लावून आले होते.

“पळ,” सिस्टर म्हणाली.

बसस्टॉपवरचं पत्रक होतं. मी नखांनी ओरबाडून काढलं. पावाच्या रांगेपाशी भिंतीवर लावलेलं नव्हतं. चार कोपऱ्यांची खळ तेवढी ओली होती.

चाचा म्हणाला, “अकराला गाडी काढतो. इस्पितळाच्या धुलाईच्या खोलीत तिला सोडू, मग बघू.” चाचीनं राहिलेल्या प्रती चुलीत घातल्या. नकाशा घातला. माझी वही घातली. मी अडवलं नाही. सिस्टरनं अबाया चढवला. साडेदहाला चाचा पिकअपमध्ये गोणी चढवत होता, तेव्हा जीप आली.

मी जिन्याच्या मधल्या वळणावर होते. तिथून दुकानाचं शटर आणि रस्त्याचा तुकडा दिसायचा. चार सैनिक आणि एक अधिकारी, त्याच्या हातात पत्रक. त्यानं ते चाचाच्या तोंडापुढं धरलं आणि इंग्रजीत विचारलं, कुणी लिहिलं.

“साब, मैं अंडा बेचता हूँ,” चाचा म्हणाला. “लिखनेवाला मैं नहीं.”

बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. मग बरगड्यांवर. तो पडला की उचलायचे आणि पुन्हा मारायचे. एकानं दुकानात शिरून फळीवरचे डबे बंदुकीच्या नळीनं खाली ओढले, तेलाचा डबा फुटला, आणि चाचा त्या तेलात घसरून पुन्हा पडला तेव्हा ते हसले. मग अधिकाऱ्यानं काहीतरी म्हटलं. दोघांनी चाचाचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि तिसऱ्यानं शटर खाली ओढलं. त्याचा आवाज मी सांगणार नाही. चाचा आधी ओरडला नाही. शटर पुन्हा वर केलं तेव्हा ओरडला.

“कुणी लिहिलं?”

माझं तोंड उघडलं होतं. हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते. तोंड उघडलं होतं आणि ‘मी’ हा शब्द जिभेवर होता. मी त्या शटरकडं बघत होते. शटर दुसऱ्यांदा खाली यायला लागलं आणि मी तोंड मिटलं.

मागून माझ्या बरगडीत कोपर बसलं. सिस्टरनं मला भिंतीशी दाबलं, ओलांडलं आणि ती खाली गेली. दारात पोचेपर्यंत तिनं डोक्यावरचं काळं ओढून काढलं होतं. मेंदीचे हात बाह्यांच्या आत दुमडलेले.

“ते माझं आहे,” ती वॉर्डच्या आवाजात म्हणाली. “त्या माणसाचा हात सोडा. त्याला फळी बांधावी लागेल.”

अधिकाऱ्यानं विचारलं, “ब्रिटिश?”

“आयरिश. त्यात लिहिलेला देश माझा आहे. या गल्लीत दुसऱ्या कुणाला तो ठाऊक असेल असं तुम्हाला वाटतं का?”

“इथं कुणी लपवलं तुला?”

“कुणी नाही. गच्चीवर टाकीमागं जागा आहे. या लोकांनी मला पाहिलेलं नाही. त्यांचा पत्ता घातला, कारण तुम्ही आलात तर ते सापडले असते. मी नाही.”

मला वाटलं, हे तो मानणार नाही. तेवढ्यात चाचा तेलातून गुडघ्यावर उठला. उजवा हात पोटाशी धरलेला, त्यातून रक्त लेंग्यावर उतरत होतं. तो तिच्यावर थुंकला. “रांडे! गोरी डायन! मेरे घर का नाम लिखा? मेरे बच्चों का खाना खराब किया?” चाचाला मुलं नव्हती. तो अरबीत, हिंदीत, कोकणीत, तोंडाला येईल ते तिला बोलत राहिला, रडत. ती त्याच्याकडं बघत होती आणि तिनं मान अगदी थोडी हलवली. वॉर्डमध्ये कुणी बँडेज नीट बांधलं की ती तशी हलवायची.

अधिकाऱ्यानं तिच्या कानशिलात मारली. ती पडली नाही. त्यानं पुन्हा मारली. तेव्हा पडली, आणि तिला केसांना धरून जीपपर्यंत नेलं. एक सैनिक जिन्यात डोकावला, माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, ही कोण? जीपपासून तिचा आवाज आला: “लॅबमधली पोरगी. तिला रक्ताचा रिपोर्टसुद्धा नीट लिहिता येत नाही.” सैनिकांनी जाता जाता दुकानाच्या काचेवर एक फैर झाडली. चाची वर आतल्या खोलीत, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून बसली होती.

चाचाची तीन बोटं कापावी लागली. भूल पुरेशी नव्हती. त्याचा खांदा मी धरला होता. ऑक्टोबरमध्ये आम्ही तिघं बसनं बसरा, बगदाद, मग अम्मानच्या वाळवंटातल्या तंबूत, तिथून विमानानं मुंबईत आलो. डिसेंबरात पाश्चात्त्य लोकांना सोडून दिल्याचं वाचलं. सगळ्यांना सोडलं की सापडले तेवढ्यांना, हे त्यात नव्हतं.

मी वडिलांना सगळं सांगितलं. ते खिळे जुळवत होते. म्हणाले, “तू का नाही बोललीस?” त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तिला पत्र लिहायला बसले तेव्हा पाकिटावर काय घालायचं ते कळेना. तिचं पूर्ण नाव मला माहीत आहे, ते तिला विचारल्याशिवाय इथं छापणार नाही. बत्तीस जिल्हे मला आजही पाठ आहेत. किनाऱ्याच्या रेघेसकट काढून दाखवीन. पण तिचा जिल्हा त्यातला कुठला, हे मला माहीत नाही. तिनं लपवलं नव्हतं. मीच विचारलं नाही. सहा आठवडे मी तिला ठाणी कुठं जाळली ते विचारत होते. ज्या गावाबाहेर तिच्या वडिलांनी पाट्या उपटल्या, जिथली विहीर नकाशात आहे, त्या गावाचं नाव मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात मी रत्नागिरीकडं, चाचाच्या गावी जाऊन आले. तो डाव्या हातानं जाळं विणायला शिकतोय, जमत नाही. निघताना त्यानं मला घरापुढच्या खळ्यात थांबवलं. “बाय गो, ती जिती असली तर तिला कुणीतरी सांगा. मी जा बोललंय, ता खरा नव्हता.”

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या गावात, तालुक्यात, एखाद्या कॉन्व्हेंट शाळेत नाहीतर मिशनच्या दवाखान्यात आयरिश सिस्टर असतात, अजूनही आहेत. त्यांच्याकडं जा. आधी विचारा, तुमचं गाव कुठलं, जिल्हा कुठला, आणि त्या सांगतील तेवढं ऐकून घ्या. मग त्यांना हे वाचून दाखवा आणि घरी पत्र लिहायला सांगा: कुवेतच्या इस्पितळात सर्जिकल वॉर्ड सांभाळणारी, उंच, पुढचे दोन दात गेलेली एक नर्स परत आली का, याची चौकशी करा. सापडली तर तिला दोन गोष्टी कळवा. दुकानदार जिवंत आहे आणि त्यानं दिलेल्या शिव्या खोट्या होत्या. आणि ते पत्रक मी लिहिलं होतं, हे मी आता सगळ्यांसमोर सांगितलं आहे.